साहेबांचा बिल्ला

सोमवार, ११ जानेवारी १९७१

राहीबाईच्या रक्ताची काच आज तिसऱ्यांदा मोजली. तोच आकडा! शंभर पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट फक्त चौदा. आणि एकूण पांढऱ्या पेशीच मुळात अडतीसशे. म्हणजे लिम्फोसाइट पाचशे बत्तीस. धडधाकट माणसात दीड हजाराच्या वर पाहिजेत.

मोजायला घेतलं ते सहज. दिवाळीपासून तिच्या काखेतलं गळू बरं होत नाही. एक बसतं, दुसरं उठतं. डॉक्टरांनी मलम दिलं, इंजेक्शनं दिली, गळू आपलं जागेवर. शेवटी मीच म्हटलं, राहीबाई, बोट द्या इकडे. तर हसते कशी — "ताई, माझं रगात काय सोन्याचं हाय व्हय?"

बोट टोचताना तिचे हात पाहिले. सात वर्षं एका दवाखान्यात काम करतोय आम्ही, आणि तिचे हात मी आज पाहिले! कातडी कोरडी, ताणलेली, चकाकणारी. नखांवर काळ्या उभ्या रेघा. म्हणाली, सोड्यानं झालं असंल. पण भांडी घासणारी बाई दुसरीच आहे. राहीबाई आया, तिचं काम एक्स-रेच्या वेळी लेकरं धरण्याचं.

मंगळवार, १२ जानेवारी

सध्या कारखान्यांचा हंगाम. ऊसतोडीच्या टोळ्या संगमनेरभोवती उतरल्यात. थंडीत पालांत झोपून पोरं खोकतात, ती सगळी आमच्याकडे. रोज पंधरा-वीस तरी एक्स-रेला. पोर किंचाळतं, आई त्याहून घाबरते. मग हाक — राहीबाई! ती पोराला छातीशी धरते आणि तशीच मशीनपुढे उभी राहते. पडद्यामागून डॉक्टर बघतात, अंगात शिशाचा जड ॲप्रन. दवाखान्यात ॲप्रन तो एकच. एक्स-रेवाला गहिनीनाथ बटण दाबतो, तो लाकडी आडोशामागे. राहीबाईच्या अंगावर लुगडं.

ती पाथर्डीकडची, स्वतःच एका टोळीबरोबर आली आणि इथे राहिली. "माज्या हातात लेकरू गप बसतंय" हे दिवसातून चारदा सांगते. खरंच बसतं. कुणाला नसेल त्याचा अभिमान?

पुण्याला शिकताना आमचे मास्तर सांगत, किरणांचा मार रक्तात सगळ्यात आधी लिम्फोसाइटना बसतो. छोट्या, गोल, आत सगळं जांभळंच जांभळं. दिसायला साध्या, पण रोगाशी झगडायचं आणि पूर्वी येऊन गेलेला रोग ओळखून ठेवायचा, हे त्यांचं काम. त्या कमी झाल्या की साधं गळूही माणसाला पुरून उरतं.

माझा हात चुकायला नको म्हणून नेहमीसारखं माझंही रक्त शेजारी मोजलं. तुलनेला माझं बोट ठरलेलंच! बहात्तरशे, त्यात लिम्फोसाइट शेकडा एकतीस. बावीसशेच्या वर. घोड्यासारखी आहे मी.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत

डॉक्टरांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. मी तिळगूळ घेतला आणि रजिस्टर पुढे केलं.

बघितलं. चष्मा काढला. "मनकर्णाबाई, लिम्फोसाइट कमी व्हायला शंभर कारणं असतात. खाण्याची आबाळ असेल, टायफॉइड असेल."

असतात, कबूल. मी म्हटलं, पण शंभरातल्या एका कारणापुढे ती रोज लेकरू घेऊन उभी राहते.

ते हसले. भिंतीकडे बोट केलं. कॅलेंडरखाली दोन खिळे, दोन खिळ्यांवर दोन बिल्ले. एक डॉक्टरांचा, एक गहिनीनाथाचा. आत फिल्म असते. किरण लागले तर फिल्म काळी पडते. दर महिन्याला फिल्म मुंबईला जाते, तिथले लोक तपासून लेखी कळवतात. "चार वर्षांत एकदाही काही निघालेलं नाही. मुंबईवर तरी विश्वास आहे ना?"

आणि जाता जाता — "आज तरी गोड बोला हो!"

गोड बोलेन. आकडा गोड करून लिहिणार नाही.

शनिवार, १६ जानेवारी

गहिनीनाथाला विचारलं, बिल्ले छातीवर कधी लावता?

"छातीवर? छे हो बाई! सरकारी वस्तू. कुठं पडली-बिडली तर? साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, जागेवर राहिली पाहिजे."

चार वर्षं! चार वर्षं ते बिल्ले ऑफिसात कॅलेंडरखाली लटकताहेत, मशीनपासून दोन खोल्या लांब. मुंबईचे लोक दर महिन्याला इमानेइतबारे आमच्या कॅलेंडरची प्रकृती तपासतात आणि उत्तम आहे म्हणून कळवतात! एकटी हसत सुटले. नंतर इतका राग आला की हातातली काच फुटली.

बुधवार, २० जानेवारी

डॉक्टरांना बिल्ल्याचं सांगितलं. म्हणाले, लावू हो, हंगाम संपू दे. आणि राहीबाईला काढा त्या खोलीतून म्हटलं तर — "मग लेकरं कोण धरणार? तुम्ही?"

माणूस वाईट नाही. टोळीतल्या बाईचं पोर तपासताना स्वतःचा स्वेटर काढून त्याच्याभोवती गुंडाळलेला मी पाहिलाय. म्हणूनच जास्त चीड येते.

शिवाय हुकूम झालाय, रजिस्टरात लाल शाई वापरायची नाही. नातेवाईक बघून घाबरतात म्हणे. आज तीन आकडे लाल लिहिले.

शुक्रवार, २२ जानेवारी

काम होत नाही धड. संक्रांतीनंतर छातीच्या फोटोचं स्टँड डॉक्टरांनी हलवून माझ्या पार्टिशनला लावलं, बाहेर बाकांना जागा व्हावी म्हणून. माझी खुर्ची अलीकडे, पाठ पार्टिशनला. मध्ये एक प्लायवूड. गहिनीनाथ पलीकडे ओरडतो, "श्वास रोखा!" — आणि पेशी मोजता मोजता मीही रोखते! दिवसातून चाळीस वेळा. मग मोजलेलं विसरते, पुन्हा पहिल्यापासून.

रविवार, ३१ जानेवारी

ठरलं. मुंबईवरच विश्वास आहे ना साहेबांचा? मग मुंबईलाच बोलू दे.

उद्या बिल्ल्यांत नव्या फिल्म पडतील. डॉक्टरांचा बिल्ला उचलायचा आणि राहीबाईनं चोळीला आतून टोचायचा, महिनाभर. खिळ्यावर कपाटातला जुना, रिकामा बिल्ला. कोण बघतंय? चार वर्षांत कुणी बघितला नाही.

सोमवार, १ फेब्रुवारी

झालं काम. राहीबाईला बिल्ला दिला तर हातच मागे घेतला. "सायबाचा हाय न्हवं? घावलं तर?" म्हटलं, घावलं तर माझं नाव सांगा. तुमच्या अंगावर काय पडतं ते कळायला पाहिजे. बराच वेळ उलटापालटा करून बघत राहिली. मग पदराआड धरून घेऊन गेली.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

सकाळी माझ्या खोलीत माठ भरायला आली तेव्हा हळूच विचारलं, बिल्ला?

"व्हय ताई. जपलाय."

सोमवार, १५ फेब्रुवारी

राहीबाई: एकूण छत्तीसशे, लिम्फोसाइट शेकडा तेरा. चारशे अडुसष्ट. आणखी खाली. हातांना आता भेगा पडल्यात. तरी आज अकरा पोरं धरली.

रजिस्टर घेऊन गेले. या वेळी डॉक्टरांनी माझा, तुलनेचा आकडा आधी पाहिला. एकसष्टशे, शेकडा सत्तावीस. सोळाशे सत्तेचाळीस. मागच्या महिन्यातला काढून शेजारी ठेवला. बावीसशे बत्तीस.

"तुम्ही आजारी आहात का?"

नाही.

"उपास?"

नाही.

"मग धडधाकट बाईच्या सहाशे पेशी महिन्यात गेल्या कुठे? मनकर्णाबाई, राहीबाईला काही झालेलं नाही. तुमचा हात चुकतोय."

गहिनीनाथ तिथेच उभा होता. त्याच्यादेखत!

बारा वर्षं मोजतेय मी. बारा वर्षं! माझ्या मोजणीवर त्यांनी किती पोटं उघडली, किती मिटली.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

माझं रक्त पुन्हा मोजलं. शंभराऐवजी चारशे पेशी. शेकडा सत्तावीसच.

मग हात चुकत नसेल तर? सर्दी झालीये, तिनं असेल. बरेच दिवस जात नाही मेली.

सोमवार, १ मार्च

राहीबाईनं बिल्ला परत दिला, फडक्यात गुंडाळून, कुंकवाच्या डबीसारखा. फिल्म काढून गहिनीनाथाच्या पुडक्यात सरकवली. उद्या पुडकं रजिस्टर पोस्टानं मुंबईला जाईल. जाऊ दे. चोरी म्हणा, काही म्हणा.

शुक्रवार, ५ मार्च

सगळीकडे मतदानाची धामधूम. बोटाला शाई लावलेले लोक बोट टोचून घ्यायला येतात. राहीबाई म्हणाली, "मत दिलं, आता रगात बी घ्या." घेतलं नाही. तिला ताप होता. तापातही ती सहा पोरं धरून आली होती.

डॉक्टरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, घरी जा! गेली नाही. पुढच्या वर्षी कायम करतो म्हणालेत ते तिला.

सोमवार, १५ मार्च

माझं: चोपन्नशे, शेकडा बावीस. अकराशे अठ्ठ्याऐंशी.

हे रजिस्टरात लिहिलं नाही. इथेच लिहिते. लिहिलं तर डॉक्टर म्हणणार, बघा, हात आणखी घसरला. आणि राहीबाईचे खरे आकडे माझ्या चुकीच्या आकड्याबरोबर केरात जाणार. ते मी होऊ देणार नाही.

तोंड आलंय. तिखट खाववत नाही. सर्दी तशीच. डोळ्यांना चष्मा लागला असेल का? छत्तिसाव्या वर्षी?

शनिवार, २७ मार्च. पाडवा

गुढी उभारली, एकटीनं. कडुलिंब खाताना तोंड इतकं झोंबलं की डोळ्यांत पाणी. मुंबईचं पत्र नाही अजून.

सोमवार, ५ एप्रिल

आलं!!

सकाळी डॉक्टर माझ्या खोलीत आले. कधी येत नाहीत, बोलावून घेतात. आत आले, दार लावलं, स्टुलावर बसले. हातात पत्र. इंग्रजीत होतं, पण मला कळेल इतकं. साहेबांच्या नावानं! तुमच्या बिल्ल्यावर फेब्रुवारी महिन्यात मर्यादेच्या कितीतरी पट किरण आढळले आहेत. मशीनजवळचं काम ताबडतोब बंद करावं. रक्त तपासून घ्यावं. हे कसं घडलं ते लेखी कळवावं.

बोट पुढे केलं. "मोजा."

मी म्हटलं, माझा हात चुकतो ना?

बोट मागे घेतलं नाही. तोंड पांढरंफटक. म्हणाले, माझी धाकटी आत्ता पाचवीत आहे.

तिथेच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. टोचलं, काच केली, रंग दिला, मोजायला बसले. ते समोर बसून. अर्धा तास! सात वर्षं राहीबाई जिथे उभी होती, तिथे अर्धा तास उभं राहून बघा म्हटलं मनात.

अठ्ठ्याहत्तरशे. शेकडा तीस. तेवीसशे चाळीस. ठणठणीत.

मग सांगितलं. बिल्ला तुमच्या अंगावर नव्हता. राहीबाईच्या होता. मी दिला.

मंगळवार, ६ एप्रिल

काल पुढचं लिहवलं नाही.

डॉक्टर ताडकन उठले. चोरी म्हणाले, विश्वासघात म्हणाले, उद्यापासून येऊ नका म्हणाले. मीही उभी राहिले. म्हटलं, काढून टाका. पत्र मुंबईत आहे, त्याची नक्कल मुंबईत आहे, त्यांना उत्तर द्यावंच लागेल. काय कळवणार? बिल्ला खिळ्यावर होता म्हणून?

मग खाली बसले आणि विचारलं, "तिचे किती म्हणालात?"

चारशे अडुसष्ट.

"आणि माझे तेवीसशे." स्वतःशीच बोलल्यासारखं. "ॲप्रन माझ्या अंगात."

आज सकाळी नेहमीच्या वेळी गेले. कुणी अडवलं नाही.

गुरुवार, ८ एप्रिल

लेखी हुकूम निघाला! राहीबाई आजपासून चादरी-कपड्यांच्या खोलीत, पगार तोच, कायम. लहान मूल त्याच्या आईनं किंवा बापानं धरायचं, अंगात शिशाचा ॲप्रन घालून. आणखी दोन ॲप्रन मागवलेत. आणि बिल्ले छातीवर! गहिनीनाथ लावून फिरतोय, मिरवणुकीतल्या नवरदेवासारखा.

माझी कॉलर ताठ. वाकडं तोंड करून दोन जिलब्या खाल्ल्या, तोंड आलेलं असूनही.

राहीबाई मात्र फुगलीये. "लेकरं रडत्यात ताई, ऐकू येतं मला हितपर्यंत. त्यास्नी काय ठावं कसं धरायचं!" म्हटलं, शिकतील. तुमचे हात बरे होऊ द्या. हात मांडीखाली लपवले.

मंगळवार, १३ एप्रिल

मुंबईला उत्तर जायचंय. डॉक्टरांनी स्वतः लिहिलं, काही लपवलं नाही. मशीन कसं आहे, बिल्ले कुठे होते, सगळं. बिल्ला महिनाभर आया राहीबाईच्या अंगावर होता, तिला तपासणीला पाठवतो आहोत, असं. खाली तिचा अंगठा हवा.

राहीबाईनं अंगठा द्यायला साफ नकार दिला. डॉक्टर गोड बोलले, मी रागावून बोलले. ती मान हलवत राहिली. एवढी लढले हिच्यासाठी, आणि हिला एक अंगठा जड! उद्या बघते.

बुधवार, १४ एप्रिल

सकाळी माठ भरायला आली. दार लावून घेतलं आणि रडायलाच लागली.

"ताई, खोट्यावर आंगठा कसा देऊ? म्या लावलाच न्हाई बिल्ला. सायबाची वस्तू, माज्या चोळीत घावली तर चोर म्हनत्याल, असं लई भ्या वाटलं. तुमच्या खुर्चीमागं खुंटीला तुमचा जुना कोट हाय न्हवं, त्याच्या खिशाला टोचून ठिवला हुता. म्हनलं, तुमच्याजवळ जपून ऱ्हाईल. महिनाभर तितंच हुता."

वळून बघितलं. खुंटी पार्टिशनवर. पलीकडून गहिनीनाथ ओरडला, "श्वास रोखा!" आणि मी रोखला.

बावीसशे. सोळाशे. अकराशे. माझा हात कधीच चुकत नव्हता.

तिला जवळ घेतलं. सांगितलं, रडू नका, तुमचे चारशे अडुसष्ट खरेच आहेत, त्या खोलीत तुम्ही परत जायचं नाही. ती गेल्यावर बोट टोचलं. एकोणपन्नासशे, शेकडा एकोणीस. नऊशे एकतीस.

रजिस्टर उघडून मार्चचा राहिलेला आकडा त्याच्या तारखेला भरला, आजचा खाली. नाव, वय, सगळं. लाल शाईनं. आता रजिस्टर घेऊन डॉक्टरांकडे जाते — आणि मुंबईच्या कागदावर अंगठ्याच्या जागी माझी सही करते.